अर्धी बादली पाणी आणि चाळीस मायक्रॉन

तर झालं असं, की मागच्या महिन्यात हापिसातल्या एका मित्राच्या रिसेप्शनला गेलो होतो. पोटभर जेवून, वर दोन ग्लास मठ्ठा पिऊन पार्किंगमध्ये आलो तर आमची गाडी नेमकी एका पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्याखाली उभी. गडद निळी, २०१४ सालची स्विफ्ट. बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याने विणावं तसं गोल गोल जाळं. मला वाटलं खरंच जाळं लागलंय, म्हणून हाताने झटकायला गेलो. बायको शांतपणे म्हणाली, "ओरखडे आहेत ते. आपल्या पार्किंगमध्ये उजेड नाही म्हणून इतके दिवस दिसले नाहीत."

घरी आल्यावर जोडे न काढताच मोबाइलचा टॉर्च लावून सगळी गाडी तपासली. बॉनेट, दारं, छप्पर, डिकी. एक वीतभर जागा मोकळी नाही. एखादी गोष्ट दिसायला लागली की मग ती दिसतच राहते. दुसऱ्या दिवशी सिग्नलला उभं राहून मी शेजारच्या गाड्यांचे ओरखडे बघत होतो.

गुन्हेगार शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला एक मामा येतात. तुमच्याकडेही येत असतील. खांद्यावर फडकं, हातात बादली, महिन्याला पाचशे रुपये. बास, सापडला चोर! मी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायला एक खरमरीत मेसेजही लिहून ठेवला. "सर्व सभासदांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की..." वगैरे. पाठवला मात्र नाही. म्हटलं, आधी गाडी स्वतः पॉलिश करून आरशासारखी करू, मग 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो जोडूनच टाकू. पुराव्यानिशी बोलावं माणसाने.

तर हा त्या पॉलिशचा वृत्तांत. मेसेज का गेला नाही तेही ओघाने येईलच.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कुठल्याही कामाला हात घालण्याआधी आठ दिवस त्याबद्दल वाचत बसणं हे आलंच. त्यातली पहिली गंमत अशी की ते गोल ओरखडे गोल नसतातच. ते आडवे, तिरपे, कसेही गेलेले असतात. पण त्यातले जे दिव्याच्या किरणाला आडवे पडतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्याकडे परतवतात, बाकीचे गप्प बसतात. म्हणून दिवा जिथे धराल तिथे त्याच्याभोवती वर्तुळं. खोटं वाटत असेल तर घरातलं सगळ्यात जुनं, घासून घासून गुळगुळीत झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून बघा.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. हापिसातल्या प्रिंटरमधला साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला येतात ३५ ते ५०. आपण जिला गाडीची चकाकी म्हणतो ती अशी जेमतेम अर्ध्या कागदाएवढी.

आणि पॉलिश केल्यावर ओरखडा भरून निघतो असं जे मला वाटत होतं ते साफ चूक. ओरखडा कधीच भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, की झाला ओरखडा गायब. आजीच्या जुन्या घरी फरशीला पॉलिश करणारे यायचे, तेव्हा मशीनखालून पांढरट चिखल निघायचा. मला लहानपणी तो पॉलिशचा चिखल वाटायचा. ती फरशीच होती हे आत्ता, या वयात, डोक्यात शिरलं.

म्हणजे चाळीसेक मायक्रॉन ही शिल्लक आहे. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा खात्यात भरलेली, पुन्हा भरता न येणारी. हलकं पॉलिश केलं तर एखाददुसरा मायक्रॉन जातो, दणकून कंपाउंड मारलं तर तीन-चारही जातात. मग मला आठवलं, की आमच्या नेहमीच्या गॅरेजात (नाव कशाला घ्या) दर वर्षी सर्व्हिसिंगच्या बिलात 'रबिंग-पॉलिश' अशी एक ओळ असायची आणि मी ती न वाचता सही करायचो. गाडी परत यायची तेव्हा लखलखीत असायची आणि दोन महिन्यांत पुन्हा होती तशी. याचंही कारण वाचनात आलं. अनेक पॉलिशांमध्ये तेल आणि ओरखडे बुजवणारे पदार्थ असतात. ते ओरखड्यात जाऊन बसतात, गाडी नवी दिसते, आणि चार वेळा धुतली की सगळं वाहून जातं. म्हणजे खात्यातले पैसेही गेले असणार आणि ओरखडेही तिथेच. किती गेले कुणास ठाऊक. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं, पण ते एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअर कोट किती ते साधं यंत्र सांगत नाही. ते विकत घ्यायचा मोह झाला होता. घरून नकाराधिकार वापरला गेला.

मशीन मात्र घेतलं. यात दोन जाती. एक रोटरी. पॅड एकाच अक्षाभोवती गरागरा फिरतं, कापतं जोरात, तापतंही जोरात आणि नवशिक्याच्या हातात दिलं तर रंग जाळून मोकळं होतं. दुसरी जात ड्युअल अ‍ॅक्शन. यात पॅडचा अक्ष मध्यापासून थोडा सरकवलेला असतो, त्यामुळे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका छोट्या वर्तुळातही डुलतं. भोवरा शेवटी शेवटी डुलतो तसं काहीसं. जास्त दाबलंत तर फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि कापणंही जवळपास थांबतं. हीच यातली सोय, आपली चूक मशीन थोडीफार पोटात घालतं. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवायची, ती फिरताना दिसली की समजायचं पॅड फिरतंय. साडेसात हजारांचं मशीन, चार फोमची पॅडं, एक कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश, क्ले आणि डझनभर मायक्रोफायबरची फडकी. एकूण खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, हे लिखाण घरातही वाचलं जातं.

शनिवारी सकाळी सात वाजता कामाला लागलो. पहिली अडचण विजेची. पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या कॉमन मीटरवर आहे आणि सेक्रेटरी काका सकाळच्या फेरीला निघाले होते. "हे तुमचं खासगी काम ना?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून दोन एक्स्टेन्शन बोर्ड जोडून खाली सोडले. खालून जाणारा प्रत्येक माणूस वर बघून, मग माझ्याकडे बघून "काय विशेष?" विचारून जात होता.

या कामातलं पॉलिश सगळ्यात शेवटी येतं हे कुणी सांगत नाही. सांगतात खरं तर, पण आपण ऐकत नाही. आधी गाडी नीट धुतली. मग प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवला. ही युक्ती जरूर करून बघा, उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून रव्यासारखं लागतं. ती रंगाला चिकटून बसलेली धूळ, डांबर, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. ते काढायला क्ले, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा गोळा, शाम्पूच्या पाण्यावरून अलगद सरकवायचा. पांढरा गोळा एका दारात करडा झाला. एकदा हातातून जमिनीवर पडला. पडलेला क्ले सरळ फेकायचा असतो, कारण त्यात खडे रुततात. मी इकडेतिकडे बघितलं आणि फेकला. साडेचारशे रुपये! मग काळ्या प्लॅस्टिकवर, रबरावर, बॉनेटच्या कडांवर मास्किंग टेप. एवढं होईतो साडेअकरा.

मग चाचणी. बॉनेटच्या मधोमध टेपने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखला. नियम असा की सगळ्यात सौम्य पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करायची, जमलं नाही तरच एक पायरी चढायची. हे मला फार आवडलं. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, कमी वेगावर पसरवायचं, मग वेग वाढवून आडव्या पट्ट्या, मग उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवत. हात सेकंदाला एक इंच एवढाच सरकवायचा. सेकंदाला एक इंच किती हळू असतं हे हातात थरथरतं मशीन घेतल्याशिवाय कळणार नाही. माझ्यासारख्या माणसाला, जो लिफ्टचं बटण तीनदा दाबतो, ती शिक्षाच.

पुसलं. मग अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून पुन्हा पुसलं, कारण पॉलिशमधलं तेल निघाल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. टॉर्च लावला.

मंडळी, काय सांगू! चौकोनाच्या बाहेर जाळं आणि चौकोनाच्या आत नुसता दिवा. एक ठिपका, स्वच्छ, आणि खाली निळा रंग विहिरीत वाकून बघावं तसा खोल. नवी गाडी आणली तेव्हा बाबा सांगलीहून आले होते, तिला हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून पहिली चक्कर मारली होती. तेव्हाचा निळा रंग हा होता. मी विसरलोच होतो. बायकोला हाक मारून खाली बोलावलं, ती "अरे वा" म्हणाली आणि कुकर लावलाय म्हणून परत गेली.

इथे थांबून एक मत नोंदवतो. सत्तर टक्के ओरखडे गेले होते. नवशिक्याने सत्तर टक्क्यांवर समाधान मानावं, आणि अनुभवी माणसानेही रोजच्या वापरातल्या गाडीवर याहून फार पुढे जाऊ नये. उरलेल्या तीस टक्क्यांसाठी जो क्लिअर कोट जातो तो पहिल्या सत्तरपेक्षा जास्त असतो, कारण उरलेले ओरखडे खोल असतात. शिवाय गाडी उद्या रस्त्यावर जाणार, परवा पुन्हा ओरखडे येणार, आणि पुढच्या वेळी घासायला काहीतरी उरायला हवं. हे सगळं मला शनिवारी दुपारी बारा वाजता पूर्ण माहीत होतं. तोंडपाठ होतं.

अडीच वाजता मी बॉनेटच्या डाव्या कडेजवळच्या एका ओरखड्याच्या मागे लागलो. नखाने तपासायचं असतं. नख आडवं फिरवल्यावर अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाण्यापलीकडचा, त्याला सोडून द्यायचं. माझं नख अडकत होतं. अगदी किंचितच. मी स्वतःला म्हटलं, किंचितच ना? कंपाउंड घेतलं, कठीण पॅड लावलं, एक फेरी. फिका झाला. दुसरी फेरी, तिसरी. मधे येत होता म्हणून कडेवरचा टेप काढला. चौथी. डोक्यावर ऊन आलं होतं, खांबाची सावली सरकली होती, पत्रा हाताला गरम लागत होता आणि मला काही सुचत नव्हतं. हे आमच्या धंद्यात रात्री दोन वाजता होतं. एकच बग उरलेला असतो, झोपून सकाळी बघावं हे कळत असतं आणि तरी हात चालूच. फक्त तिथे काही बिघडलं तर कालची आवृत्ती परत आणता येते.

पाचव्या फेरीला पॅडकडे लक्ष गेलं. पांढऱ्या फोमवर निळी छटा.

क्लिअर कोट पारदर्शक असतो. त्याचा घासलेला चुरा रंगीत असूच शकत नाही. पूर्वीच्या एकाच थराच्या रंगात पॅड रंगायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण क्लिअर कोटवाल्या गाडीत पॅडवर गाडीचा रंग दिसला याचा अर्थ क्लिअर कोट संपला आणि आपण खालच्या रंगात उतरलो. पुसून पाहिलं. बॉनेटच्या कडेवर रुपयाच्या नाण्याएवढा एक निस्तेज डाग. कडांवर रंग मुळातच पातळ असतो, ओला असताना तो धारेवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, आणि सपाट पॅडचा सगळा भार तिथे एका रेषेवर येतो. टेप त्यासाठीच लावलेला होता. जो मी काढला.

मशीन बंद केलं. बराच वेळ खांबाला टेकून बसलो. ज्याला व्हॉट्सॅपवर झोडपायला निघालो होतो त्या माणसाने इतक्या वर्षांत गाडीचं जे केलं नव्हतं ते मी पाच मिनिटांत केलं होतं. बाकीची गाडी सौम्य पॉलिशने, निमूटपणे, टेपच्या आत राहून संपवली. संध्याकाळचे साडेसात.

रविवारी पहाटे साडेपाचला उठून खाली गेलो. हेतू एकच, मामांनी पॉलिश केलेल्या गाडीला नेहमीचं फडकं लावू नये. इतक्या वर्षांत मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पैसे एक तारखेला बायको देते, मी उठतो तेव्हा ते गेलेले असतात. "मामा, आज आमची राहू द्या," म्हटलं. "का साहेब, काही चुकलं का?" असं त्यांनी लगेच विचारलं, ते मला आवडलं नाही. म्हणजे माझं मला आवडलं नाही. मग तिथेच उभा राहून बघत बसलो.

बावीस गाड्या. साडेपाच ते साडेआठ. साडेआठनंतर लोक गाड्या काढायला लागतात. म्हणजे एका गाडीला आठ मिनिटं आणि त्यातच कोपऱ्यातल्या नळावरून पाणी आणणं. गाडीमागे अर्धी बादली. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग तेच फडकं बादलीत बुडवून, पिळून, सगळी गाडी. पुढच्या गाडीला तेच फडकं.

आपल्याकडची धूळ म्हणजे बरीचशी वाळू, आणि आजूबाजूला तीन बांधकामं चालू असतील तर विचारूच नका. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ येतं, खिडकीची काच साधारण साडेपाच. क्लिअर कोट बिचारा काचेच्याही कितीतरी खाली. कोरडं फडकं पहिल्यांदा फिरतं तेव्हाच निकाल लागलेला असतो, नंतरचं पाणी नुसतं सोपस्कार. मी म्हटलं, "मामा, आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढली आणि मग पुसलं तर?" ते म्हणाले, "साहेब, अर्धीच बादली घ्यायची असं मीटिंगमध्ये ठरलंय ना."

ठरलंय. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरचं बिल फुगलं तेव्हा सोसायटीच्या सभेत ठराव झाला होता, पाइप लावून गाड्या धुवायच्या नाहीत, गाडीमागे अर्धी बादली. एकमताने मंजूर. मी हात वर केला होता. पाणी वाचवायचं म्हणून नव्हे, सभा लवकर संपावी म्हणून. आणि अर्ध्या बादलीत रोज गाडी पुसायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही, कारण ते करणारा माणूस त्या सभेत नव्हता.

मी विचारलं, "रोज न पुसता दिवसाआड नीट धुतली तर नाही चालणार?" मामा हसले. "धूळ दिसली की लोकं फोन करतात, मामा आज आला नाहीत का म्हणून. ओरखड्यासाठी अजून कुणाचा फोन नाही आला."

आता खरं मत. गाडीचा रंग मामा खराब करत नाहीत. आपण करतो, महिन्याला पाचशे रुपये देऊन, लेखी ठराव करून. 'गाडी रोज स्वच्छ दिसली पाहिजे' ही मागणी आपली, आठ मिनिटं आपली, अर्धी बादली आपली. या अटींत जगातला सगळ्यात कुशल माणूस उभा केला तरी त्याचं फडकं वाळूवरूनच फिरणार. पाचशेला महिन्याच्या सव्वीस दिवसांनी भागा, एकोणीस रुपये येतात. एकोणीस रुपयांत काय मिळतं तर धूळ नसल्याचा देखावा मिळतो, तो त्यांनी चोख दिलेला आहे. मग वर्षाअखेर गॅरेजात दोन-अडीच हजार देऊन ओरखडे बुजवतो किंवा घासतो, म्हणजे चाळीसातले दोन-तीन मायक्रॉन अजून कमी. आणि हे सगळं करून दोष द्यायला पहाटेच्या अंधारात काम करणारा माणूस आहेच.

यावर हापिसातल्या मित्राचं म्हणणं, "एवढं काय, सिरॅमिक कोटिंग करून टाक. वीस-पंचवीस हजार जातील, पण नाइन-एच कठीणपणा मिळतो." हे नाइन-एच प्रकरण सगळ्यांनी एकदा समजून घ्यावं. ते मोह्सवरचं ९ नव्हे. ते पेन्सिलीचं माप आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, बी, एचबी, टू-एच, त्यातली सगळ्यात कठीण नाइन-एच. ठरावीक दाबाने ती पेन्सिल ओढली आणि चरा पडला नाही, की झालं नाइन-एच. आमच्या धुळीत पेन्सिली नसतात, वाळू असते. आणि कोटिंगचा थर असतो एखाददुसऱ्या मायक्रॉनचा. कोटिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पाणी थेंब होऊन निसटतं, पक्ष्यांची विष्ठा पटकन रुतत नाही, धुणं सोपं होतं. पण त्यावर रोज पहाटे कोरडं फडकं फिरणार असेल तर पंचवीस हजारांचे ओरखडे पडतील एवढाच फरक.

माझा हिशेब साधा आहे. बावीस गाड्या, रोज अर्धी बादली, म्हणजे रोज अकरा बादल्या. त्याऐवजी दिवसाआड, रोज अकराच गाड्या आणि प्रत्येकीला पूर्ण बादली. पाणी तेवढंच, टँकरवाला तोच. गाडीमागे आठऐवजी सोळा मिनिटं. कोरडं फडकं बंद. आधी पाणी ओतून धूळ सैल करायची, मग वरून खाली पुसत यायचं, छप्पर आधी आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण खडी तिथेच असते. एका गाडीला चार वेगळी फडकी, ती सभासदांनी द्यायची. मामांचे पैसे तेवढेच.

हे सेक्रेटरी काकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. पाण्याचा हिशेब त्यांना पटला. मग म्हणाले, "दिवसाआड म्हणजे काम निम्मं. मग पैसे निम्मे का नाहीत?" मी म्हटलं, वेळ तेवढाच जातोय. ते म्हणाले, "पण गाडी निम्मेच दिवस पुसली जातेय ना." पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. दरम्यान पाच जण तयार झाले, त्यात दोघे नवी गाडी घेतलेले. एकजण म्हणाला, "कल्पना छान आहे, पण माझी रोजच पुसू दे, क्लायंट येतात." यात अडचण मामांची. पाच गाड्यांना एक पद्धत, सतराना दुसरी, आणि वेळ तोच साडेआठपर्यंतचा. पाच गाड्यांना वेळ द्यायचा तर सतरांपैकी कुणाचा तरी फोन येणार. तेव्हा हे नीट चालायचं तर सगळ्यांनीच करायला हवं, आणि सगळ्यांनी हात वर करायला हवा, निदान या वेळी कशासाठी करतोय ते कळून.

तो खरमरीत मेसेज काढून टाकला. फोटोही टाकले नाहीत.

मंगळवारी सकाळी सव्वासातला बेल वाजली. मामा दारात, हातात नवं मायक्रोफायबर, गाडी नव्या पद्धतीने धुऊन झाली होती. जरा अवघडले होते. "साहेब, बॉनेटच्या कडेला एक डाग आहे. रुपयाएवढा. ते माझ्याकडून नाही हां झालं."

"नाही मामा," म्हटलं, "तो माझा आहे."

टच-अपची बारकी बाटली मागवली आहे, निळ्या रंगाचा कोड दाराच्या आतल्या पट्टीवर सापडला. ती आली की कडेला टेप लावून करीन म्हणतो. सावलीत.